स्पर्धेआधी सुटे भाग

१९९१ च्या आर्थिक सुधारणांची गोष्ट आपण बहुधा स्पर्धेची गोष्ट म्हणून सांगतो. परदेशी माल आला, देशी कारखानदार खडबडून जागा झाला, उत्पादकता वाढली. यात तथ्य आहे, पण ते अपुरं. पेटिया टोपालोवा आणि अमित खंडेलवाल या अर्थतज्ज्ञांनी त्या काळातल्या भारतीय कंपन्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा तयार मालापेक्षा कच्च्या मालावरचं आणि सुट्या भागांवरचं आयातशुल्क उतरल्याचा परिणाम मोठा निघाला.

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये याचं कारण कळतं. संगणकाने चालणारी सीएनसी लेथ बंगळूरची, पण तिचा कंट्रोलर बहुतेकदा जपानी नाहीतर जर्मन. ऑपरेटर जॉब चकमध्ये पकडतो, दार ओढतो, बटण दाबतो. सकाळी निघालेलं माप संध्याकाळीही निघतं. जुन्या लेथवर सगळी मदार टर्नरच्या हातावर. कंट्रोलरवर जबर शुल्क असतं तर अशी यंत्रं छोट्या वर्कशॉपच्या आवाक्यात आलीच नसती. मग तिथला शाफ्ट मोठ्या कंपनीच्या गाडीत जाणार कसा? देशी माल परदेशी भागाच्या आधाराने उभा राहतो, म्हणून ‘स्वदेशी की आयात’ हा वादच मला चुकीचा वाटतो.

खरं अडलं ते पुढे. देशाची उत्पादकता वाढायची तर माणसं आणि भांडवल कमी उत्पन्नाच्या कामातून जास्त उत्पन्नाच्या कामाकडे सरकायला हवं. लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी मात्र २०१५ पर्यंत रेंगाळली. म्हणजे त्या वस्तू बनवणाऱ्याने मोठं व्हायचंच नाही! बुडालेल्या कारखान्यात अडकलेलं भांडवल मोकळं करणारी दिवाळखोरी संहिता आली २०१६ मध्ये. आजही सुमारे ४५ टक्के कामकरी शेतीत आहेत आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आत.

टोपालोवा यांचाच दुसरा निष्कर्ष मला जास्त अस्वस्थ करतो: ज्या ग्रामीण जिल्ह्यांना शुल्ककपातीची झळ अधिक बसली, तिथे गरिबी कमी होण्याचा वेग मंदावला. माणसं हलू शकली नाहीत. जाणार तरी कुठे, शहरात परवडणारी भाड्याची खोली नसताना?

२०१८ पासून आपण पुन्हा शुल्क वाढवू लागलो. पण सुटे भाग महागले की इथला मालही महागतो; मोबाइलच्या काही सुट्या भागांवरचं शुल्क जानेवारी २०२४ मध्ये १५ वरून १० टक्क्यांवर आणावं लागलं. कामगाराला सांभाळायचं असेल तर शुल्काच्या आडून नव्हे, थेट सांभाळावं. पन्नाशीच्या टर्नरला प्रोग्रॅमिंग शिकेपर्यंत पगार द्यावा, आणि औद्योगिक वसाहतींलगत भाड्याची घरं बांधावीत.