पाण्यात उतरवणाऱ्याचा मोबदला

संत योहानच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याची गोष्ट आहे. मेंढरे दरवाजाजवळचे ते तळे, त्याच्या पाच पडव्या आणि त्या पडव्यांत पडून असलेले आंधळे, लंगडे, लुळे लोक आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकले आहेत. तेथे ३८ वर्षे आजारी असलेला एक माणूस होता. तुला बरे व्हायचे आहे का, असे प्रभू येशूने त्याला विचारले. त्याने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. पाणी हालते तेव्हा मला तळ्यात सोडायला कोणी नाही, एवढेच त्याने सांगितले. दुखण्यापेक्षाही आपल्याला माणूस नाही, हे त्याचे दुःख मोठे होते.

ही गोष्ट आम्हाला गेल्या पावसाळ्यात पुन्हा वाचावी लागली, आणि तिला कारण झाले एक करारपत्र.

नेर तालुक्यातीलच एका गावचे, सैन्यातून नाईक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ रविवारी मिस्सानंतर थांबले. पिशवीतून त्यांनी चार पानांचा छापील कागद काढला. इंग्रजीत होता. "जरा वाचून सांगा जी, सही करू का नको," एवढेच त्यांचे म्हणणे होते. सतरा वर्षे नोकरी, त्यातली बरीचशी डोंगराळ भागात. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाने गुडघ्याचे अपंगत्व ३० टक्के धरले, पण ते सेवेमुळे आलेले नाही असा शेरा मारला. त्यामुळे साधी पेन्शन सुरू झाली, अपंगत्वाची नाही. त्यांनी एका कार्यालयाला दोन पत्रे लिहिली. वर्ष उलटले तरी उत्तर आले नाही. मग माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात कुणीतरी एका कंपनीचा फोन नंबर दिला.

कंपनीच्या अटी अशा होत्या. दावा मंजूर झाला नाही तर एक पैसाही द्यायचा नाही. मंजूर झाला तर थकबाकीचे ३० टक्के आणि पहिल्या सहा महिन्यांची वाढीव पेन्शन कंपनीची. दोन कोरे चेक सही करून आधीच द्यायचे. पेन्शनच्या 'स्पर्श' प्रणालीचा युजर आयडी आणि पासवर्डही द्यायचा. फोनवरच्या माणसाने आणखी एक सुचवले होते. गुडघ्याबरोबर बीपी आणि शुगरही लिहून टाकू, टक्के वाढतील.

आम्ही कागदावर हिशेब मांडून पाहिला. अपंगत्व १०० टक्के असेल तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के इतका अपंगत्वाचा भाग मिळतो. अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी दिलेल्या निकालामुळे मुदत संपून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वर नेऊन धरण्याचा लाभ खुला झाला, म्हणजे ३० टक्क्यांचे ५० धरले जातात. शेवटचा पगार ४०,००० रुपये धरला तर महिन्याला ६,००० रुपये होतात. न्यायालयांनी अनेक प्रकरणांत थकबाकी दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरती धरली आहे. तेवढी धरली तरी ती २,१६,००० होते. त्यातले ३० टक्के म्हणजे ६४,८००, आणि सहा महिन्यांचे ३६,०००. कंपनीचे एकूण १,००,८०० रुपये झाले.

नाईक बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काम केलं त्याचे पैसे घ्यावेच ना जी. पन ह्यानं तं माह्या गुडघ्यातच हिस्सा मांगितला."

आम्हाला वाटते, सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आला आहे. मदतीचे पैसे घेणे पाप आहे का? नाही. कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे, हे प्रभूनेच आपल्या शिष्यांना सांगितले (लूक १०:७). संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच प्रश्न वकिलांविषयी घेतला होता. गरिबाची बाजू मांडायला वकील बांधलेला आहे काय, आणि त्याने फी घ्यावी काय? त्यांचे उत्तर भाबडे नाही. प्रत्येक गरिबाचा खटला एकाच वकिलाने चालवावा असे ते म्हणत नाहीत, कारण तसे कुणालाच जमणार नाही. पण समोरच्याला तातडीची गरज आहे आणि दुसरा कोणी मदत करू शकत नाही, असे दिसले तर मात्र कर्तव्य लागू होते. फी घ्यायलाही त्यांची हरकत नाही. ती किती घ्यावी, हे माणसाची परिस्थिती, कामाचे स्वरूप, त्यातली मेहनत आणि देशाची रीत पाहून ठरवावे. या मर्यादेपलीकडे जाऊन जो उकळतो, तो न्यायाविरुद्ध पाप करतो.

आता त्या करारपत्राला ही कसोटी लावून पाहू. तीस टक्के अपंगत्वाचा अर्ज आणि शंभर टक्के अपंगत्वाचा अर्ज यांत मेहनतीचा फरक किती? कागद तेवढेच, टायपिंग तेवढेच, टपाल तेवढेच. पण ज्याचे दोन्ही पाय गेले त्याच्याकडून कंपनीला दुप्पट मिळणार. म्हणजे येथे दर कामाचा ठरलेला नाही. तो माणसाच्या जखमेचा ठरलेला आहे. जखम जितकी मोठी तितका हिस्सा मोठा. बीपी आणि शुगर लिहून टाकण्याचा सल्लाही येथूनच येतो, कारण टक्के वाढले की हिस्सा वाढतो. खोटे लिहिणारा एक असतो आणि संशय मात्र खऱ्या जखमींवरही येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अपंगत्व पेन्शनचे नवे नियम आले. गैरफायदा थांबवण्यासाठी ते आणले असे सरकार म्हणाले, आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांना विरोध केला. त्या वादात कोण किती बरोबर हे येथे ठरवायचे नाही. पण कंपनीचा फोनवरचा माणूस त्या वादात सैनिकाच्या बाजूने उभा नाही, एवढे नक्की.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्याच्या हातात पैसा नाही, त्याला 'जिंकलो तरच द्या' म्हणणारा माणूस देवदूतासारखा वाटतो. कार्यालयाने वर्षभर उत्तर दिले नव्हते, कंपनीने दुसऱ्या दिवशी फोन केला. दोन-चार वर्षे चालणारा खटला लढायचा तर वकिलाची मेहनत खरोखरच मोठी असते आणि तिचे मोल दिलेच पाहिजे. हे सर्व मान्य आहे. तरीही आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला मनाई केली आहे. कंपनीचा माणूस वकील नसतो, म्हणून तो या नियमात सापडत नाही, एवढाच फरक. आणि त्याहून जुना १८७१ चा पेन्शन कायदा आहे. केलेल्या सेवेबद्दल किंवा अपंगत्वाबद्दल सरकारने दिलेल्या पेन्शनवर जप्ती आणता येत नाही, आणि पुढे मिळायच्या पेन्शनवर केलेला करार शून्य ठरतो, असे त्यात आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या, तेही परक्या सरकारला सुद्धा एवढे समजले होते की म्हाताऱ्या शिपायाच्या पेन्शनीभोवती सावकार जमतात.

अमेरिकेतही हेच झाले. तेथील यादवी युद्धाच्या काळात पेन्शन मिळवून देणारे एजंट इतके माजले की त्यांची फी कायद्याने बांधावी लागली. १८६४ मध्ये ठरलेली दहा डॉलरची ही मर्यादा १९८८ पर्यंत टिकली. पहिल्या दाव्यासाठी पैसे घ्यायला तेथे आजही बंदी आहे, पण बंदी मोडणाऱ्यासाठी असलेली शिक्षा २००६ मध्ये कायद्यातून गेली. तेव्हापासून दरमहा वाढणाऱ्या रकमेच्या पाच-सहा पट फी सांगणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच आहे.

कंपनीला दोष देऊन आम्हाला येथे थांबता आले असते. पण नाईकांचा कागद पुन्हा वाचताना एक गोष्ट टोचत राहिली. हे गृहस्थ कित्येक वर्षे आपल्यामध्ये मिस्साला येतात. त्यांचा गुडघा वाकत नाही, ते गुडघे टेकत नाहीत, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. का, असे कुणी विचारले? आपल्या धर्मग्रामात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत नोकरी केलेले आहेत, इंग्रजी पत्र लिहू शकणारी कॉलेजची मुलेमुली आहेत. त्या तळ्याकाठीही पाच पडव्या भरून माणसे होती आणि त्यांच्यासोबत आलेले नातलगही असतील. जवळच्या माणसाला पाण्यात सोडायला कुणाला फार कष्ट पडले नसते. ३८ वर्षे कुणी सोडले नाही. अशा ठिकाणी पैसे घेऊन पाण्यात उतरवणारा उभा राहिला, तर त्याची जागा आपणच रिकामी ठेवलेली असते.

म्हणून काही माहिती येथे देतो, कारण आपल्या भागात सैन्यात गेलेली घरे पुष्कळ आहेत. यवतमाळला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथे माजी सैनिकाला आणि विधवेला कागदपत्रांसाठी पैसे पडत नाहीत. दावा नाकारल्याचे पत्र आले की त्यावर अपील करता येते. त्यासाठी वैद्यकीय मंडळाच्या कागदांची प्रत आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवावी. महार रेजिमेंटचे असाल तर सागर, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे असाल तर बेळगाव, गार्ड्सचे असाल तर आपल्या जवळचे कामठी. अपिलात धरमवीर सिंग प्रकरणाचा उल्लेख जरूर करावा. १९८५ मध्ये भरती झालेल्या आणि १९९४ मध्ये फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवलेल्या या शिपायाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत आला असे धरावे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार शिपायावर नाही, सरकारवर आहे. अपीलही फेटाळले तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे एक खंडपीठ मुंबईला आहे आणि तेथे स्वतः उभे राहण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अपंग व्यक्तीला आणि स्त्रीला तेथे मोफत वकील मिळू शकतो. सैनिक कल्याण कार्यालयांतच कायदेविषयक मदत मिळावी म्हणून २६ जुलै २०२५ रोजी एक राष्ट्रीय योजनाही सुरू झाली आहे. आणि 'स्पर्श'चा पासवर्ड, ओटीपी किंवा कोरा चेक कुणालाही देऊ नये. मदत करतो म्हणणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील माणसालाही नाही.

खटला लांबला आणि खाजगी वकील करावाच लागला, तर फी आधी लिहून घ्यावी, ती कामाची असावी, आणि पावती मागायला लाजू नये. चांगला वकील रागावत नाही.

येथे संत इव्हो यांची आठवण होते. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातले हे धर्मगुरू न्यायाचे काम पाहत आणि गरिबांचे खटले पैसे न घेता चालवीत. १३०३ मध्ये ते वारले, १३४७ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून जाहीर केले. सगळ्याच वकिलांना ते जमेल असे नाही, आणि तशी अपेक्षा करणे हाही एक अन्यायच होईल. वकिलालाही घर आहे, मुले आहेत.

नाईकांनी सही केली नाही. आपल्यातल्याच एका निवृत्त शिक्षकांनी तीन संध्याकाळी त्यांच्यासोबत बसून अपील लिहिले. बीपी आणि शुगर त्यात नाही, दोघांनीही ते नको म्हटले. गुडघा कोणत्या वर्षी, कोणत्या चौकीवर, सामान वाहताना कसा दुखावला, हे मात्र सविस्तर आहे. इतक्या वर्षांत ते कुणाला नीट सांगायची पाळीच आली नव्हती, असे नाईक म्हणाले. काम संपल्यावर त्यांनी खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या. गुरुजींनी झेरॉक्सचे आणि स्पीड पोस्टचे पैसे तेवढे मोजून घेतले आणि बाकीचे परत केले. पुढच्या रविवारी नाईक त्यांच्या घरी पायलीभर तूर ठेवून गेले. गुरुजींनी ती परत केली नाही.

अपिलाचे उत्तर अजून आलेले नाही.