आळ्याचा रेडा आणि बलामची गाढवी

पुणे-नाशिक रस्त्यावर आळेफाट्याजवळ, जुन्नर तालुक्यात, आळे हे गाव आहे. ज्ञानेश्वर माउलींनी पैठणला ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले, त्याची समाधी येथे आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तेथे उभे असता आम्हांला जुन्या करारातील बलामच्या गाढवीची आठवण झाली. इस्राएलला शाप देण्यासाठी मवाबच्या राजाने बलामला बोलावले होते. वाटेत उभा असलेला देवदूत या नामांकित द्रष्ट्याला दिसलाच नाही. तो दिसला त्याच्या गाढवीला. तीनदा मार खाल्ल्यावर तिला वाचा फुटली.

ही दोन्ही मुकी जनावरे बोलली, पण भविष्य एकानेही सांगितले नाही. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना झिडकारले गेले, त्यांच्या बाजूने रेडा बोलला. 'मी तुझे काय वाईट केले?' एवढेच गाढवीने धन्याला विचारले.

भविष्य जाणण्याची ओढ फार पुरातन आहे. ग्रीक लोक डेल्फीच्या मंदिरात प्रश्न घेऊन जात. आपल्याकडे देवाला कौल लावतात, भगताला विचारतात. 'माझे काय होणार?' हा तेथला प्रश्न. संदेष्टा उलट आपल्यालाच विचारतो, 'तू काय करीत आहेस?' योनाने निनवेला बजावले, चाळीस दिवसांत नगराचा नाश होईल. लोकांनी पश्चात्ताप केला आणि नगर वाचले. भाकीत खरे झाले नाही, म्हणूनच संदेश सफल झाला.

जुन्नरशेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात डोंगर कोसळला आणि माळीण गावातील १५१ माणसे मृत्युमुखी पडली. 'हे आधी कोणी का सांगितले नाही?' असे अशा वेळी आपण विचारतो. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्येच आला होता. कोणता डोंगर कोणत्या दिवशी कोसळेल, हे त्यात नव्हते; डोंगर जपा आणि तेथल्या माणसांना विचारून निर्णय घ्या, असे त्याचे सांगणे होते. आपल्याला तारीख सांगणारा हवा असतो. वागणूक बदलायला सांगणारा नको असतो.

आपल्या धर्मग्रामांतही हेच घडते. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी यांसाठी 'दर्शन' होणाऱ्या कोणाचा तरी पत्ता शोधला जातो. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात ख्रिस्तसभेने भविष्यकथनाचे सर्व प्रकार त्याज्य ठरविले आहेत. मात्र तीच ख्रिस्तसभा शिकविते की, स्नानसंस्काराने आपण सर्वजण ख्रिस्ताच्या संदेष्टेपणात सहभागी होतो. शेजारच्या घरी सुनेचा छळ चाललेला दिसतो, गड्याची मजुरी बुडविली जाते, आणि आपण गप्प राहतो. उद्याचे काय, हे आपल्याला ठाऊक नाही. आजचे मात्र दिसते आहे. ते बोलायला आपल्याला कोणत्या चमत्काराची वाट पाहायची आहे?