भिंतीविना तुरुंग



सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून, १९३९ मध्ये ती सुरू झाली. खुनासारख्या गुन्ह्यातले कैदी इथं उंच भिंतींविना ठेवले गेले. त्यांना कसायला जमीन मिळाली, बायकापोरांसोबत राहण्याची मुभा मिळाली. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला.

या प्रयोगाचं मर्म साधं आहे. शिक्षा भोगतानाही माणूस शेतात राबतो, पोराबाळांत राहतो. मग सुटकेच्या दिवशी त्याला घर नव्यानं शोधावं लागत नाही.

एरवी काय घडतं? ‘आत जाऊन आलाय’ एवढीच त्याची ओळख उरते. भाड्यानं खोली मिळत नाही, कामावर कुणी घेत नाही. गावात चोरी झाली, की पोलिसांची गाडी आधी त्याच्याच दारात. पारधी समाजाच्या पालावर तर गुन्हा नसतानाही हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा इंग्रजी कायदा १९५२ मध्ये गेला. मनातला संशय मात्र गेला नाही.

अशा संशयावरून कुणाला पकडलं, तरी राज्यघटनेचं कलम २२ सांगतं, की अटकेचं कारण सांगा, वकील घेऊ द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करा. हा हक्क निर्दोषाचा, तसाच एकदा चुकलेल्याचाही.

शिक्षेची मुदत न्यायालय ठरवतं. ती संपल्यावर आपण ती वाढवू नये.