मागे वळणारा वैमानिक

कॅलिफोर्नियात राहणारा माझा मावसभाऊ हवाईतल्या कौआई बेटावर फिरून आला आणि फोनवर म्हणाला, "हेलिकॉप्टरचा पायलट भित्रा निघाला. नापाली किनारा समोर होता, जरा ढग आले तर यानं सरळ मागे वळवलं." 'भित्रा' हा शब्द तेव्हापासून मला टोचतो आहे.

घाटमाथा आणि माणदेश दोन्ही पाहिलेल्यांना कौआईचं हवामान समजावून सांगायला नको. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे वाइआलेआलेच्या १५६९ मीटर उंच डोंगराला अडतात आणि तिथे वर्षाला दहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो. पलीकडे, पश्चिमेचं वाइमेआ मात्र पर्जन्यछायेत कोरडं. उड्डाण करताना स्वच्छ ऊन असलं, तरी तेवढ्यावरून चार दऱ्यांपलीकडचं आकाश कळत नाही.

हवा खवळणं वेगळं आणि हवा आंधळी होणं वेगळं. प्रवासी पहिलीला घाबरतात, कारण ती पोटात गोळा आणते. दुसरीत पुष्कळदा काहीच जाणवत नाही, बाहेर नुसतं पांढरं होतं. पण क्षितिज दिसेनासं झालं, की कानातली तोल सांभाळणारी इंद्रियं खोटी साक्ष देऊ लागतात. यंत्र एका अंगाला कलून वळत असतं आणि चालवणाऱ्याला वाटतं, आपण सरळ चाललो आहोत. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात, केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव नसलेल्या वीस वैमानिकांची परीक्षा घेतली. बाहेरचं दिसेनासं केल्यावर विसांच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

मावसभावाचं उत्तर तयार होतं, "म्हणूनच अनुभवी पायलट हवा." इथे मात्र त्याचं म्हणणं टिकत नाही. २६ डिसेंबर २०१९ रोजी याच नापालीजवळ एक पर्यटन हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं आणि सातही जण गेले. ते चालवणारा नवखा नव्हता, त्याची अनेक वर्षं याच कामात गेली होती. त्याच दुपारी दुसरे तीन वैमानिक तिथलं हवामान पाहून दुसरीकडे वळले होते.

लिहायला बसलो तेव्हा मला त्या तिघांच्या विवेकाची स्तुती करायची होती. आता वाटतं, माणसांचे जीव एकेकट्याच्या विवेकावर टांगून ठेवणं हाच मूळ दोष आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानेही २०२२ साली वैमानिकाच्या निर्णयाला कारण ठरवलं, पण तिथे थांबलं नाही. अलास्कात रुळलेले हवामान-कॅमेरे हवाईत बसवायला झालेला उशीर आणि बिघडत्या हवेच्या खुणा ओळखण्याचं प्रशिक्षण रखडणं, हे दोष त्याने नियामकाच्या पदरात घातले. पुढची दरी कशी आहे ते निघण्याआधी पडद्यावर दिसलं, तर बरीच उड्डाणं जमिनीवरच थांबतील.

उरला पैशाचा प्रश्न, आणि मावसभावाची खरी नाराजी तिथेच आहे. ढगामुळे वळावं लागलं तर किती पैसे परत मिळणार, हे तिकिटावरच छापलेलं असावं. म्हणजे वळण्याच्या क्षणी वैमानिकाला शेजारी-पाठीमागे बसलेल्यांच्या रुसव्याचा विचार करावा लागणार नाही.