पेलणे आणि पळणे

अंतराळावरच्या संगणक-खेळांत एक दृश्य सारखे खटकते. मागे मंद निळा उजेड सोडणारे आयन-इंजिनाचे यान ग्रहावरून लिफ्टसारखे सरळ वर चढते. असे सरळ वर उठायला रेटा वजनापेक्षा जास्त लागतो, हे नव्याने सांगायला नको. पण वजन पेलणे आणि वेगाने पळणे ही दोन वेगळी कामे आहेत, हा भेद मात्र हरवतो. २००७ साली निघालेले नासाचे ‘डॉन’ यान आयन-इंजिनांच्या बळावर आधी व्हेस्टा या लघुग्रहाभोवती आणि मग सेरेस या बटुग्रहाभोवती फिरले. यान सुमारे १२०० किलोंचे, कमाल रेटा जेमतेम ०.०९ न्यूटन, म्हणजे छपाईच्या दोन कागदांच्या वजनाइतका. महिनोन्‌महिने चालत राहून तो प्रचंड वेग देतो, पण पृथ्वीच्या चाळिसाव्या हिश्शाइतके गुरुत्व असलेल्या व्हेस्टावर हे यान उतरवले असते, तर तिथूनही ते उठले नसते.

‘खेळच तो, हिशेब कशाला?’ हा आक्षेप मला अर्धाच पटतो. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या खेळातल्या आयन-इंजिनाचे नावही डॉनच, पण त्याचा रेटा २००० न्यूटन, खऱ्याच्या २० हजार पटींहून अधिक. पडद्यासमोर महिनाभर कोणी बसणार नाही, म्हणून ही सूट रास्त आहे. ती वेळेची सूट आहे, नियमाची नव्हे. कारण एवढे वाढवूनही पाव टनाचे ते इंजिन त्या खेळातल्या कर्बिन ग्रहावरून स्वतःलासुद्धा उचलू शकत नाही.

मग अशा यानांना ग्रहांवरून उडायला बंदीच घालावी? माझा कल तिकडेच होता. पण पेलण्याचे काम इंजिनानेच का करायचे? जमीन ते फुकट करते. चंद्रावर हवा नाही, म्हणजे वेगाला हवेचा अडथळा नाही. तिथे रुळांवरून आडवे धावणारे यान सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद एवढाच वेग वाढवत गेले, म्हणजे रेटा तिथल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असला, तरी तासाभराच्या आत ते सेकंदाला १.७ किलोमीटर, म्हणजे तिथल्या कक्षेचा वेग गाठेल. वेग वाढेल तसा रुळांवरचा भार हलका होतो. कक्षेच्या निम्म्या वेगाला पाव भार गेलेला असतो, पूर्ण वेगाला काहीच उरत नाही आणि यान आपोआप कक्षेत असते. रूळ मात्र सुमारे २८०० किलोमीटर लागतील, चंद्राच्या परिघाच्या पावाहून थोडे जास्त. शिवाय घर्षण रेट्याहून मोठे असेल तर यान जागचे हलणार नाही, त्यामुळे खऱ्या डॉनला ही वाटही बंदच. पृथ्वीवर तर हवाच आडवी येते. तरीही बंदी मी मागे घेतो. खेळ रचणाऱ्यांनो, त्या निळ्या यानाला उभे उडवू नका. खेळणाऱ्याला चंद्रावर ते २८०० किलोमीटर रूळ टाकू द्या.