पुडीवरची कृती आणि विहिरीचे पाणी

कौशल्यविकासाची चर्चा निघाली की दोन वाक्ये ठरलेली असतात. पोरांकडे पदव्या आहेत, पण कामाचे काही येत नाही. तेव्हा महाविद्यालयांनी उद्योगांना काय हवे ते विचारावे आणि तेवढेच शिकवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले, त्यांनी सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली काही शिकावे म्हणून. हेतू चांगलाच. दहा दिवसांत रंधा कसा धरतात ते कळते. लाकडाच्या रेषांविरुद्ध रंधा मारला तर ते का उचकटते, हे मात्र तेवढ्यात कळत नाही.

या चर्चेत बडोद्याच्या कलाभवनाचे नाव सहसा निघत नाही. निघालेच तर सयाजीराव महाराजांच्या सुधारणांच्या यादीत, सक्तीचे शिक्षण आणि ग्रंथालये यांच्यामध्ये कुठेतरी. वास्तविक १८९० मध्ये सुरू झालेल्या या तंत्रशिक्षणाच्या संस्थेला पैसा आणि आश्रय महाराजांचा असला, तरी तिची कल्पना त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांची होती. गज्जर सुरतेचे, सुताराच्या जातीतले, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मराठी वाचकाला ते ओळखीचे असलेच तर एका गमतीच्या प्रसंगामुळे. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये डांबर फासले गेले. ते काम चापेकर बंधूंचे, आणि तो डाग काढून देणारे रसायनज्ञ हे गज्जर.

पण त्यांचा खरा विषय होता रंग.

गुजरातेतले रंगारी पिढ्यानपिढ्या आल आणि मंजिष्ठेच्या मुळांपासून लाल रंग काढत. १८६९ नंतर जर्मनीत कृत्रिम अलिझरीन हे लाल रंगद्रव्य तयार होऊ लागले आणि मुळे उकळण्याचा खटाटोप संपला. पुडी फोडा, सांगितली तेवढी तुरटी घ्या, कापड बुडवा. कृती सोपी होती, पण ती रंग विकणाऱ्याची होती. अलिझरीन धाग्यावर आपणहून पक्के बसत नाही. तुरटीतले ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवते. ॲल्युमिनियमच्या जागी लोह आले तर तोच रंग जांभळट-काळा पडतो. म्हणजे विहिरीच्या पाण्यात लोह असेल, तर पुडी तीच आणि माप तेच असूनही लाल मळकट होणार. कृती ठाऊक असलेला रंगारी अशा वेळी पुडीला, पुडी विकणाऱ्याला किंवा नशिबाला दोष देईल. कारण ठाऊक असलेला आधी पाणी तपासेल.

कलाभवनाने हे कारण रंगाऱ्याच्या भाषेत सांगण्याचा घाट घातला. शिकवणे देशी भाषेत. ‘ज्ञानमंजूषा’ मालेतून गुजराती आणि मराठीत शास्त्रीय-तांत्रिक पुस्तके करवून घ्यायची योजनाही आखली. आता इथे, इंग्रजी शिक्षण आणले म्हणून, मॅकॉलेला शिव्या घालायची एक परंपरा आहे. ती वगळलेली बरी, कारण तिने काहीच उलगडत नाही. हाताच्या कामाला आपल्याकडे जातीमुळे प्रतिष्ठा नाही हेही खरे, पण रंगाऱ्याला रसायन का शिकवले नाही याचे ते अर्धेच उत्तर.

मुख्य भांडण आहे ते ‘उद्योगाला विचारा’ या मताशी. हे मत वाटते तितके व्यवहारी नाही. १८९० च्या बडोद्याने कोणत्या उद्योगाला विचारायचे होते? रंग बनवणारे कारखाने जर्मनीत होते. त्यांना रंगाऱ्याकडून एकच हवे होते, पुडीवरची कृती त्याने बिनचूक पाळावी. कलाभवनाच्या पहिल्या वर्षांत तिथे छायाचित्रण शिकलेल्या धुंडिराज फाळके यांना कोणत्या उद्योगाने मागितले होते? चित्रपट नावाची वस्तूच तेव्हा जगात आलेली नव्हती. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला १९१३ उजाडले. एका फाळक्यावरून संस्था सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. मुंबईत गिरणीमालकांच्या पाठबळावर १८८७ मध्ये उभ्या राहिलेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने गिरण्यांना माणसे पुरवली आणि त्या माणसांना पगार मिळाले, हेही मान्य. तरीही गिरणीला विचारून शिकवलेले गिरणी बंद पडल्यावर किती उरते, हा प्रश्न १९८२ च्या संपानंतरच्या मुंबईला कोणी वेगळा समजावून सांगायला नको. उद्योग मागतो ती आजची कृती. तो कारण मागत नाही, आणि मागावे अशी त्याच्याकडून अपेक्षाही नाही. ते पुरवणे शाळेचे काम.

कलाभवनाला तरी हे साधले का? पुरते नाही. संस्था उघडल्यावर दहा वर्षांच्या आत गज्जर मुंबईला निघून गेले आणि पुस्तकांच्या योजनेतला जीवही गेला. त्यांच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेतून कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासारखे शिष्य तयार झाले. १९०७ मध्ये अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना उभा राहिला तो या गुरुशिष्यांच्या हातून. पण ते शिष्य रसायन शिकले ते इंग्रजीतून, पदवीच्या वाटेने. कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावून अभियांत्रिकीची विद्याशाखा झाले. तिथून अभियंते निघाले, चांगलेही निघाले. रंगारी ज्या दाराने आत यायचा होता, ते दार या बढतीत कुठे गेले, याची विचारपूस झाली नाही.

२०२१ पासून मराठीतून अभियांत्रिकीची पदवी घेण्याची मुभा आहे आणि तिच्या बाजूने वा विरोधात पुष्कळ लिहून झाले. ती सारी चर्चा पदवीधराची. ‘ज्ञानमंजूषे’च्या मनात होता तो वाचक पदवी घ्यायला निघालेला नव्हता; त्याच्या हौदातला लाल रंग काळवंडत होता.