नाताळच्या रात्रीचा पूर कोणाचा?

१७१७च्या नाताळच्या रात्री उत्तर समुद्रावर वायव्येचं वादळ उठलं. सणाची तयारी करून माणसं निजली होती. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरचे बांध फुटले आणि सुमारे १४,००० जण बुडाले.

तेही येशूजन्माच्या रात्री! पाद्र्यांनी कारण सांगितलं: पापांची शिक्षा. मग पाळण्यातल्या पोराचं पाप कोणतं? त्या उत्तरात हा प्रश्न काही केल्या बसत नाही.

नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन प्रांतात थोमास फान सेरात नावाचा अधिकारी होता, पूर्वीचा दर्यावर्दी. बांध कमकुवत आहेत, हे त्यानं आधीच बजावलं होतं. दुरुस्ती पुरी होण्यापूर्वीच समुद्र आत आला.

उत्तर समुद्राच्या फ्रिसियन किनाऱ्यावर तर बांधांबाबत जुना कायदाच होता. वाट्याचा बांध राखणं झेपेनासं झालं, की शेतकऱ्यानं त्यात फावडं रोवायचं आणि जमीन सोडून चालतं व्हायचं. जो फावडं उपसेल, त्याची जमीन. बांधही त्याच्याच गळ्यात. समुद्र देवाच्या हाती मानणाऱ्यांनी बांध मात्र माणसाच्या नावावर लिहिला होता! व्यासपीठावरच्या प्रवचनांपेक्षा हे फावडं अधिक प्रामाणिक वाटतं. अर्थात, वारा वायव्येचाच का फिरला, याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

पुरानंतर ग्रोनिंगनचे बांध सेरातच्याच देखरेखीखाली पुन्हा, अधिक मजबूत बांधले गेले.